औषधे मागणीपत्रावर नव्हे, खपावर पाठवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण
सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा शल्य चिकित्सक

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालयांना खपानुसार औषधपुरवठा करण्याबाबत

महोदय, महोदया,

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची एक गोळी शिल्लक नाही आणि त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रात तीच गोळी खोक्यांनी पडून मुदत संपायची वाट पाहते आहे, हे चित्र औषधभांडारात काम करणाऱ्या कुणालाही नवे नाही. अशा वेळी तक्रार होते ती खरेदीची : निविदा रखडली, दरकरार संपला, पुरवठादाराने माल दिला नाही. कित्येकदा ते खरेही असते. पण पुष्कळदा जिल्ह्यातला एकूण साठा मोजला तर तो पुरेसा निघतो. तो चुकीच्या कपाटात असतो, एवढेच.

खरेदी कोणी करायची यावर महाराष्ट्रात भरपूर खल झाला आहे. २०१७ मध्ये ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली गेली, २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. खरेदी झालेली गोळी भांडारातून आरोग्य केंद्राच्या खिडकीपर्यंत कोणत्या हिशेबाने जायची, यावर मात्र तितकी चर्चा झालेली नाही. हे पत्र त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आज बहुतेक ठिकाणी हिशेब असा चालतो. वर्षातून एकदा केंद्राकडून वार्षिक मागणी मागवली जाते. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यावर दहा-वीस टक्के चढवायचे आणि तक्ता भरून पाठवायचा. मागितल्यातले निम्मेच मिळते हा अनुभव असल्याने आकडा मुळातच फुगवलेला असतो. वरच्या कार्यालयाला तो फुगवलेला आहे हे ठाऊक असते, म्हणून तिथे सरसकट कात्री लागते. खऱ्या गरजेचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी हरवतो. मग माल आला की जागा रिकामी करण्यासाठी तो सगळ्यांना सारखा वाटला जातो. रोज दीडशे बाह्यरुग्ण तपासणाऱ्या केंद्राला आणि रोज चाळीस तपासणाऱ्या केंद्रालाही. वरून खाली ढकललेला हा पुरवठा, म्हणजे पुश पद्धत. त्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ज्या मागणीचा पाया त्याआधीच्या वर्षांचा आहे, तिच्यावर आजचा पुरवठा उभा राहू शकत नाही.

याच्या उलट जी रीत आहे तिला पुरवठ्याच्या कामात पुल पद्धत म्हणतात. खिडकीवरून जेवढे औषध रुग्णाच्या हातात गेले, तेवढ्याची भरपाई. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले, तेव्हापासून तिथल्या रुग्णालयांकडे पासबुक असते. रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम त्यात जमा दाखवायची, रुग्णालयाने जिल्हा भांडारातून आपल्या गरजेचे औषध उचलायचे, तेवढी किंमत पासबुकातून वजा करायची. काय हवे ते रुग्णालय ठरवते, भांडार ते उपलब्ध ठेवते. इतकी वर्षे ही पद्धत शेजारच्या नव्हे तरी याच देशातल्या राज्यात चालू आहे; तेव्हा हे सरकारी चौकटीत बसणार नाही, ही शंका आता राहू नये.

आता हिशेबाकडे येऊ, कारण पद्धत बिघडते ती इथेच.

पहिली गोष्ट, खप म्हणजे काय. एका केंद्रात तीन महिन्यांत, म्हणजे ९२ दिवसांत, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या ९,००० गोळ्या गेल्या असे समजा. सरळ भागाकार केला तर महिन्याला ३,०००. पण या ९२ दिवसांपैकी ३२ दिवस कपाट रिकामे होते. गोळ्या गेल्या त्या फक्त ६० दिवसांत. म्हणजे रोजचा खप १५० आणि महिन्याचा ४,५००. सरळ सरासरी धरून ३,००० पाठवल्या तर त्या वीस दिवसांत संपतील, पुढचे दहा दिवस पुन्हा कोरडे जातील आणि पुढच्या तिमाहीत सरासरी पुन्हा ३,०००च दिसेल. तुटवडा स्वतःलाच खरा ठरवत राहतो. म्हणून साठा नोंदवहीत प्रत्येक औषधासमोर 'शून्य साठ्याचे दिवस' असा एक रकाना हवा आणि भागाकार नेहमी साठा असलेल्या दिवसांनीच व्हायला हवा. संगणक प्रणालीला हे दिवस रोजच्या शिलकेवरून आपोआप काढता येतात. फक्त तसे सांगावे लागेल.

त्यातही फसगत होते ती जागा सांगितली पाहिजे. ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत केंद्राच्या भांडारातून औषध बाहेर पडले की ते 'दिले' असे नोंदले जाते. नोंदीचे काम उरकावे म्हणून कित्येक ठिकाणी महिन्याभराचा माल एकाच दिवशी ओपीडीच्या नावे टाकला जातो. प्रणालीच्या दृष्टीने तो संपला. प्रत्यक्षात तो खिडकीमागच्या कपाटात, ड्रेसिंग रूममध्ये, प्रसूती कक्षात आणि उपकेंद्रांत पडलेला असतो. अशा आकड्यांवर पुल पद्धत चालवली तर ती पुश पद्धतीपेक्षा वाईट वागेल, कारण ती संपलेला न संपलेला सगळा माल पुन्हा पाठवेल. खप मोजायचा तो खिडकीवर, दिवसाच्या शेवटी. प्रत्येक चिठ्ठीची संगणकात नोंद शक्य नसेल तर सुरुवातीला तीस औषधांची पाटी पुरे : सकाळची शिल्लक, आत आलेला माल, संध्याकाळची शिल्लक. फरक तो खप. यासाठी दिवसाला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ती देणारा माणूस लागतो. त्या मुद्द्याकडे पुढे येतो.

दुसरी फसगत एककाची. औषध येते पेटीत, भांडारात मोजले जाते स्ट्रिपमध्ये, रुग्णाला दिले जाते गोळीने. १०० स्ट्रिपची नोंद १०० गोळ्या अशी झाली की आकडा दहा पटींनी घसरतो. एकाच औषधाला संपूर्ण जिल्ह्यात एकच एकक ठरवून घ्या : गोळी, पाकीट, बाटली, अँप्युल, व्हायल. पेटीचा हिशेब फक्त गाडीत चढवताना.

तिसरी, जी कुठल्याच नोंदीत दिसत नाही. जे औषध केंद्रात नाही ते वैद्यकीय अधिकारी लिहीतच नाहीत. उपलब्ध असलेले दुसरे लिहितात किंवा बाहेरून आणायची चिठ्ठी देतात. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक नसले की अ‍ॅझिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा खप चढतो. महिनाभराने आकडे पाहणाऱ्याला वाटते, इथे अ‍ॅझिथ्रोमायसिनच जास्त लागते. मग तेच जास्त पाठवले जाते, आणि वापरू नये तिथे ते वापरले जाऊ लागते. खिडकीवर एक साधी 'नसल्याची वही' ठेवली, चिठ्ठीवर होते पण देता आले नाही अशा प्रत्येक औषधाची एक रेघ ओढली, तरी ही दडलेली मागणी वर येते.

खप नीट कळला की किती पाठवायचे हा शाळेतल्या गणिताचा प्रश्न उरतो. वरच्याच केंद्राचे उदाहरण घेऊ. रोजचा खप १५०. गाडी महिन्याने येते आणि आकडे गेल्यापासून माल कपाटात लागेपर्यंत ७ दिवस जातात. म्हणजे एका वेळचा माल ३७ दिवस पुरला पाहिजे : १५० गुणिले ३७, एकूण ५,५५०. त्यावर राखीव साठा. या बेरजेला कमाल पातळी म्हणू. दर वेळी पाठवायचे प्रमाण म्हणजे कमाल पातळी, वजा हातातली शिल्लक, वजा वाटेत असलेला माल.

या शेवटच्या 'वाटेत असलेला माल' या पदाला विसरण्याची किंमत फार मोठी असते. मागच्या मागणीतला माल अजून पोचला नाही म्हणून केंद्र तीच मागणी पुन्हा पाठवते. भांडाराला ती नवी वाटते. आठवड्याने दोन्ही खेपा एकदम येऊन पडतात. त्यापुढचे दोन महिने केंद्राकडून काहीच मागणी येत नाही आणि भांडाराला वाटते खप घटला. एका केंद्राचे ठीक. पन्नास केंद्रांनी हे एकाच महिन्यात केले की जिल्हा भांडार राज्याकडे दुप्पट मागते, आणि रुग्णसंख्येत काडीचाही फरक नसताना पुरवठादारापर्यंत मागणीची लाट उठते. म्हणून भांडाराने मागणीपत्राकडे न पाहता खिडकीवरच्या खपाकडे पाहावे, हा आमचा आग्रह आहे.

राखीव साठा किती ठेवायचा, यावर आम्ही जरा जास्त थांबतो. एखाद्या दिवशी १५० ऐवजी २०० गोळ्या जातात, एखाद्या दिवशी ११०. हा चढउतार सरासरीभोवती साधारण ४० गोळ्यांचा धरू. ३७ दिवसांच्या मुदतीत शंभरातल्या पंचाण्णव वेळा औषध पुरावे असे वाटत असेल, तर राखीव साठा १.६५ (पंचाण्णव टक्के खात्रीसाठीचा संख्याशास्त्रातला ठरलेला गुणक) गुणिले ४० गुणिले ३७चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४०० गोळ्या. फक्त ४००. जेमतेम पावणेतीन दिवसांचा साठा.

पण हे झाले गाडी ठरल्या दिवशी येते असे गृहीत धरून. गाडी कधी पाच दिवस उशिरा, कधी पंधरा; हा चढउतार १० दिवसांचा धरला तर त्याच्यासाठी लागणारा राखीव साठा १.६५ गुणिले १५० गुणिले १०, म्हणजे जवळपास २,४७५ गोळ्या. दोन्ही मिळून, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की, सुमारे २,५००. रुग्णांच्या अनिश्चिततेसाठी ४०० गोळ्या पुरतात आणि आपल्या गाडीच्या अनिश्चिततेसाठी आणखी २,१०० लागतात. पन्नास केंद्रांच्या जिल्ह्यात एका औषधाच्या १,०५,००० गोळ्या केवळ गाडीची तारीख पक्की नाही म्हणून कपाटांत अडकून राहतात. तुटवडा झाला की 'बफर', म्हणजे हा राखीव साठा, 'वाढवा' असा आदेश निघतो. बफर वाढवायला पैसा लागतो, जागा लागते, आणि त्यातला काही माल शेवटी मुदतबाह्य होतो. तारीख पक्की करायला डिझेल, चालक आणि वेळापत्रक लागते.

कित्येक केंद्रांना तर गाडीच नाही. औषध निर्माण अधिकारी जिल्ह्याच्या बैठकीला आला की येताना रुग्णवाहिकेत चार खोकी टाकून नेतो. रुग्णवाहिका रुग्णासाठी असते हा मुद्दा आहेच; शिवाय रुग्णवाहिकेत बसेल तेवढेच नेले जाते. सलाइनच्या बाटल्या जड आणि अवघड, त्या मागे राहतात.

गाडीचा हिशेब करून पाहा. रस्ते बरे असलेल्या जिल्ह्यात एक गाडी दिवसाला पाच केंद्रे करू शकते. पन्नास केंद्रे दहा दिवसांत. महिन्यात कामाचे दिवस वीस-बावीस. म्हणजे एकाच गाडीत प्रत्येक केंद्राला दर पंधरवड्याला एक फेरी बसते. फेरी चौदा दिवसांची झाली की औषध ३७ ऐवजी २१ दिवस पुरले पाहिजे : ३,१५० गोळ्या, आणि तारीख पक्की असेल तर राखीव सुमारे ३००. कमाल पातळी ३,४५०. महिन्याने आणि बेभरवशाने येणाऱ्या गाडीसाठी ती ८,०५० होती. निम्म्याहून कमी साठ्यात तुटवडा कमी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत दिवसाला पाच केंद्रे होणार नाहीत, तीन होतील; तिथे दुसरी गाडी द्यावी लागेल. आमची विनंती अशी की औषधाच्या अनुदानासोबत वाहतुकीचे अनुदान वेगळ्या शीर्षाखाली, वर्षाच्या सुरुवातीलाच जिल्हा भांडाराला मिळावे. औषधावर कोट्यवधी खर्चायचे आणि ते पोचवण्यासाठी ज्याच्या-त्याच्या सोयीवर सोडायचे, हे चालू राहिले तर या पत्रातले बाकी काहीही करून उपयोग नाही.

केंद्राच्या आत मात्र एवढ्या गणिताची गरज नाही. तिथे दोन कप्प्यांची पद्धत सर्वांत चांगली चालते. घरात गॅसचे दोन सिलेंडर असतात, एक संपला की दुसरा लावायचा आणि त्याच दिवशी नवा नोंदवायचा, तेच हे. खिडकीमागच्या मांडणीवर प्रत्येक औषधाचे दोन कप्पे : पुढचा उघडा, मागचा चिकटपट्टीने बंद केलेला. बंद कप्प्यावर पोस्टकार्डाएवढे एक जाड कार्ड. त्यावर औषधाचे नाव, ताकद, एकक, कप्प्यात किती आणि आतल्या मालात सर्वांत आधी संपणारी मुदत. पुढचा कप्पा रिकामा झाला की चिकटपट्टी फाडायची, कार्ड काढून भांडाराच्या दारावरच्या खिळ्याला अडकवायचे. भांडार सांभाळणारा संध्याकाळी खिळ्यावरची कार्डे घेतो, तेवढे कप्पे भरतो, नवी मुदत लिहितो, पुन्हा पट्टी लावतो. नवा माल मागे, जुना पुढे. यात न मोजता मागणी तयार होते. बंद कप्प्यात तीन दिवसांचा माल ठेवला तरी पुरतो, कारण भरपाई त्याच इमारतीतून, दुसऱ्या दिवशी होते. मेटफॉर्मिनसाठी ४५० गोळ्या.

काही ठिकाणी हीच दोन कप्प्यांची पद्धत जिल्हा भांडार आणि केंद्र यांच्यात लावण्याचा मोह होतो. तिथे ती फसते. गाडी महिन्याने येणार असेल तर बंद कप्प्यात ३७ दिवसांचा माल ठेवावा लागेल. म्हणजे कप्पा नव्हे, खोली लागेल. जिथे भरपाई रोज शक्य तिथे कार्ड, जिथे ती ठरल्या तारखेला तिथे कमाल पातळी. उपकेंद्रासाठी त्याहून सोपे : आरोग्य सेविका मासिक बैठकीला केंद्रात येतात, तेव्हा त्यांच्या पेटीतले प्रत्येक औषध ठरलेल्या आकड्यापर्यंत भरून द्यायचे. ओआरएसची १०० पाकिटे ठरली असतील आणि ६३ उरली असतील, तर ३७ द्यायची. तयार किट सगळ्या उपकेंद्रांना सारखी वाटण्यात काय होते ते आपण पाहिले आहे. ओआरएस पंधरा दिवसांत संपते आणि त्याच किटमधली दुसरी वस्तू वर्षभर उघडली जात नाही.

आता पुल पद्धतीची मर्यादा स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण तिचा अतिरेक रुग्णाच्या जिवावर येऊ शकतो.

ज्या औषधाचा खप शून्य किंवा जवळपास शून्य आहे, पण ते नसले तर माणूस दगावतो, त्याला खपाचा नियम लावायचा नाही. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा तीन महिन्यांचा खप शून्य असेल तर सूत्र म्हणेल, शून्य पाठवा. तिथे आकडा रुग्णाच्या गरजेवरून ठरतो : विषबाधेची लक्षणे असलेल्या एका रुग्णाचा पहिला डोस १० व्हायलचा, दुसरा रुग्ण त्याच रात्री आला तर आणखी १०, म्हणून रस्त्यापासून दूर असलेल्या केंद्रात २० व्हायलच्या खाली जाऊ नये. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पूर्ण लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, १४ ग्रॅम, म्हणजे ५० टक्के द्रावणाच्या २ मिलीलिटरच्या १४ अँप्युल. पाच अँप्युल शिल्लक असणे म्हणजे साठा असणे नव्हे. कोकणात विंचूदंशासाठी प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे ज्या साध्या गोळीने जीव वाचतात हे जगाला कळले, ती गोळी रायगड-रत्नागिरीच्या केंद्रांत 'खप कमी' म्हणून यादीतून गळता कामा नये.

अशा औषधांच्या बाबतीत औषध निर्माण अधिकाऱ्याची अडचण समजून घ्या. व्हायल मुदतबाह्य झाल्या की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, खुलासा मागितला जातो, कधी वसुलीची भाषा होते. व्हायल नव्हत्या म्हणून रुग्ण पुढे पाठवला तर कागदावर काहीच उमटत नाही. मग कोणताही शहाणा माणूस कमीच मागवील. जीवरक्षक यादीतल्या औषधांच्या किमान साठ्यात होणारी मुदतबाह्यता ही वाया गेलेली खरेदी न मानता सज्जतेचा खर्च मानावा, असे लेखी परिपत्रक निघाले पाहिजे. त्यासोबत नियम असा : मुदतीला सहा महिने उरले की त्या व्हायल उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जातील, जिथे त्या वापरल्या जातील, आणि त्याच फेरीत केंद्राला ताज्या मिळतील. गाडी रिकामी परतते. तिचा परतीचा प्रवास यासाठी आहे. केंद्राकेंद्रातला जादा माल हलवायलाही तीच वापरावी.

दुसरी मर्यादा ऋतूची. मार्च ते मेचा खप पाहून जूनचा माल पाठवला तर ओआरएस, झिंक, डॉक्सिसायक्लिन कमी पडणारच. पावसाळ्यात वाढणाऱ्या औषधांना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या प्रमाणाने गुणावे लागते. मेळघाटात आणि भामरागडमध्ये त्याहून पुढे जावे लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे पंधरवड्याची फेरी कागदावरच राहील. तिथे जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचा माल मे अखेर पोचलेला असलाच पाहिजे, खप असो वा नसो. इथे पुश पद्धतच बरोबर आहे. आषाढीच्या काळात पंढरपूर आणि पालखीमार्गावरच्या केंद्रांचेही तसेच.

जिल्हा भांडारात माल कमी असेल तेव्हा काय करायचे, हेही आधीच ठरवून जाहीर केले पाहिजे. आज जो आधी येतो किंवा ज्याचा फोन जड, तो घेऊन जातो. भांडारात ६०,००० गोळ्या आहेत आणि सगळ्या केंद्रांची मिळून भरपाई १,२०,००० ची निघते, तर सर्वांना निम्मे देणेही न्याय्य नाही. ज्याच्याकडे वीस दिवसांचा साठा आहे त्याला थांबवा, ज्याच्याकडे दोन दिवसांचा आहे त्याला द्या. सगळ्यांचा साठा समान दिवसांवर येईल असे वाटा. हा नियम संगणकाने चालवावा आणि वाटपाचा तक्ता सर्व केंद्रांना दिसावा. फुगवून मागितल्याने जास्त मिळत नाही हे एकदा दिसले की फुगवणे आपोआप थांबते. कितीही परिपत्रके काढून ते थांबलेले नाही.

राज्यपातळीवर प्राधिकरणाला एक गोष्ट विशेष सांगायची आहे. तळाशी खपानुसार भरपाई आणि वर वर्षातून एकदा घाऊक खरेदी, हे जुळत नाही. दरकरार दोन वर्षांचा असावा, पण त्यावरचे पुरवठा आदेश दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी, भांडारांच्या शिलकेवरून निघावेत. मुदतीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा : पुरवठादाराला ६० दिवस दिले असतील, तर माल आल्यावर प्रत्येक तुकडीचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत तो बाजूला ठेवावा लागतो. इंजेक्शनच्या निर्जंतुकतेच्या चाचणीलाच १४ दिवस लागतात, नमुना नेण्या-आणण्याचे आणि रांगेचे दिवस वेगळे. म्हणजे इंजेक्शनसाठी आदेशापासून वापरापर्यंत तीन महिने धरले पाहिजेत. अहवाल लवकर हवा म्हणून चाचणी गाळायची नाही. आदेश लवकर काढायचा. आणि पुरवठादाराचे देयक अहवाल योग्य आल्यापासून ठरल्या मुदतीत निघाले नाही तर पुढच्या आदेशाला तो प्रतिसाद देणार नाही. महिन्याला आदेश काढण्याची पद्धत महिन्याला पैसे देण्याच्या शिस्तीशिवाय टिकत नाही. मार्चमध्ये निधी येणार आणि मार्चमध्येच संपवायचा, या रिवाजात एप्रिल-मेमध्ये भांडारे ओसंडतात आणि दिवाळीनंतर रिकामी होतात.

नोंद ठेवणाऱ्या माणसाचा मुद्दा राहिला. औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त असलेल्या केंद्रात परिचारिका किंवा आरोग्य सहायक खिडकी सांभाळतात. त्यांच्याकडून सूत्रे लावून मागणीपत्र भरून घेणे अन्याय आहे आणि चुकांना आमंत्रणही. त्यांनी प्रत्येक औषधाचे तीनच आकडे पाठवावेत : शिल्लक, पंधरवड्याचा खप, शून्य साठ्याचे दिवस. पाठवायचे प्रमाण जिल्हा भांडाराने काढावे, केंद्राने पाहावे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला त्यात कारण लिहून बदल करता यावा. गावात साथ आहे, जत्रा आहे, ऊसतोड मजूर आले आहेत किंवा परत गेले आहेत, हे त्यालाच ठाऊक असते. पदे भरणे याला पर्याय नाही, पण पदे भरेपर्यंत थांबायचेही कारण नाही.

सुरुवात कशी करावी, तर एका जिल्ह्यापासून आणि तीस औषधांपासून. यादीत रोजच्या खपाची वीस-बावीस औषधे असावीत, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, तापाची, ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या. आणि सात-आठ जीवरक्षक. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन त्यात जरूर घ्या, कारण ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि फेरीत शीतपेटी हवी हे त्यामुळे पहिल्याच महिन्यात लक्षात येते. पहिला महिना फक्त मोजणीचा : प्रत्येक कपाट, प्रत्येक कक्ष, प्रत्येक उपकेंद्र, एकाच दिवशी. संगणकातला आकडा मोजणीप्रमाणे दुरुस्त करण्याची, त्याबद्दल कुणालाही जाब न विचारण्याची, एकदाची मुभा लेखी द्या; नाहीतर मोजणी संगणकाशी जुळवून लिहिली जाईल. दुसऱ्या महिन्यात जादा माल हलवा. ज्याच्याकडे चार महिन्यांचा साठा आहे त्याला तो कमाल पातळीखाली येईपर्यंत काही पाठवू नका, त्याने कितीही मागितले तरी. तिसऱ्या महिन्यापासून फेऱ्या सुरू करा. पहिल्या दोन फेऱ्यांत आकडे डळमळतील, नव्याने औषध मिळू लागल्यावर रुग्ण परत येतात आणि खप चढतो. या चढाला घाबरून पातळ्या गोठवू नका, दर तिमाहीला नव्याने काढा.

प्रगती मोजायची ती किती कोटींची औषधे वाटली यावर नव्हे. दर महिन्याला चार आकडे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा : तीस औषधांपैकी किती केंद्रांत किती दिवस शून्य होती, गाडी ठरल्या तारखेला किती फेऱ्यांत पोचली, अचानक केलेल्या मोजणीत संगणकातला आणि कपाटातला आकडा किती औषधांचा जुळला, आणि जीवरक्षक यादी सोडून किती किमतीचा माल मुदतबाह्य झाला. हे आकडे सुरुवातीला वाईट येतील. ते वाईट आले म्हणून केंद्राला नोटीस काढली, तर पुढच्या महिन्यापासून ते चांगले येऊ लागतील आणि निरुपयोगी होतील.

पहिल्या जिल्ह्याची निवड, वाहतुकीचे स्वतंत्र अनुदान, मोजणीदिवशीची मुभा आणि जीवरक्षक औषधांच्या किमान साठ्याचे परिपत्रक, या चार गोष्टींवर विभागाने लेखी निर्णय घ्यावा. नव्या आर्थिक वर्षाच्या वार्षिक मागण्या मागवण्याआधी तो झाला, तर निदान एका जिल्ह्याला तो जुना तक्ता भरावा लागणार नाही.

आपले,
सार्वजनिक औषधपुरवठा आणि भांडार व्यवस्थापनाच्या कामातील कर्मचारी